रस्ता मोकळा केला म्हणून परमवीर चक्र?

प्रश्न : सुभेदारकाका, नमस्कार. माझा मुलगा आठवीत आहे. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी त्याने परमवीर चक्राचे मानकरी मेजर रामा राघोबा राणे हा विषय निवडला. तयारी चांगली चालली होती. पण एका शिक्षकांनी त्याला सांगितलं, ‘यात लढाई कुठे आहे? झाडं हटवली, सुरुंग काढले, रस्ता केला. हे रंगणार नाही, दुसरा विषय घे.’ पोरगं हिरमुसून बसलंय. मग मी स्वतः मानपत्र वाचलं. त्यात त्यांनी कुणाला मारल्याचा खरंच उल्लेख नाही. तर देशातलं सर्वांत मोठं युद्धपदक त्यांना नेमकं कशासाठी मिळालं? आणि ते रणगाड्याखाली सरपटत पुढे गेले असं सगळीकडे लिहिलेलं असतं, ते भाषणात घ्यायचं का?
— एक आई, कुडाळ

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि त्याच रात्री राणेसाहेबांचं मानपत्र पुन्हा काढून बसलो. मी अठ्ठावीस वर्षं बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या इंजिनियर दलात, काढली. खडकीला आमच्या ग्रुपात रंगरूट म्हणून पाऊल टाकलं की पहिल्या काही आठवड्यांतच हे नाव कानावर पडतं. तुमच्या मुलाने विषय अगदी योग्य निवडलाय. तो बदलू देऊ नका.

आधी जागा समजून घेऊ. नोव्हेंबर १९४७ मध्ये जम्मूतली राजौरी पाकिस्तानकडून आलेल्या हल्लेखोरांच्या हातात गेली. तिथे फार मोठी कत्तल झाली. नौशेरा आपल्याकडे होतं. १८ मार्च १९४८ ला ब्रिगेडियर उस्मान यांच्या तुकड्यांनी झांगर परत घेतलं आणि मग नजर राजौरीकडे वळली. नौशेऱ्याहून राजौरीला जाणारा रस्ता डोंगराच्या अंगाने, नदीला धरून वळत जातो. मानपत्रात त्याला सापाची उपमा दिली आहे. पुढे चौथी डोग्रा पलटण आणि सेंट्रल इंडिया हॉर्सचे रणगाडे. आता रणगाडा कितीही ताकदवान असला तरी अशा रस्त्यावर एका बाजूला कडा, एका बाजूला दरी आणि मध्ये आडवं झाड पडलं की तो जागच्या जागी उभा. त्याच्यामागे अख्खी रांग उभी. आणि उभा राहिलेला रणगाडा म्हणजे मॉर्टरसाठी, म्हणजे उखळी तोफेसाठी, आयतं निशाण. राजौरी घ्यायची की नाही, हे त्या चार दिवसांत रस्त्यावर ठरणार होतं. रस्ता ज्याच्या ताब्यात दिला तो ३७ असॉल्ट फील्ड कंपनीचा एक सेकंड लेफ्टनंट होता. वय एकोणतीस, अधिकारी होऊन चार महिनेही झाले नव्हते.

मुलाला म्हणावं, मानपत्रातल्या वेळा एका कागदावर उतरवून काढ. मी तेच केलं. तारखा आणि घड्याळ एवढंच लिहायचं, विशेषणं सगळी सोडून द्यायची.

८ एप्रिल, सकाळी ११. नौशेरा-राजौरी रस्त्याचा २६वा मैल, नादपूरच्या दक्षिणेला. राणे आणि त्यांची माणसं रणगाड्यांजवळ थांबली आहेत, सुरुंग काढायला अजून सुरुवातही केलेली नाही. इतक्यात मॉर्टरचे गोळे पडतात. दोन जण जागीच जातात, पाच जखमी. त्या पाचांत राणे स्वतः आहेत. ते उरलेल्या माणसांची पुन्हा मांडणी करतात आणि काम सुरू करतात. साडेचारच्या सुमारास बरवाली रिज आपल्या हातात येते. आसपास शत्रू अजून आहे हे ठाऊक असूनही ते टोळी घेऊन पुढे जातात आणि रणगाड्यांसाठी डायव्हर्जन, म्हणजे बाजूने दुसरी वाट, काढायला लागतात. रात्री १० पर्यंत मशिनगनच्या माऱ्यात, शत्रूला सरळ दिसत असताना.

९ एप्रिल, सकाळी ६. पुन्हा तेच डायव्हर्जन. दुपारी ३ ला तयार. रणगाडे निघाले तसे राणे सर्वांत पुढच्या कॅरियरमध्ये, म्हणजे छोट्या चिलखती गाडीत, चढून बसले. अर्धा मैल गेल्यावर रस्त्यात चिडाची झाडं आडवी. उतरले, झाडं उडवली. आणखी ३०० यार्डांवर पुन्हा तसंच. ५ वाजत आले. पुढे मोरी उडवलेली. कामाला हात घालण्याआधीच मशिनगन सुरू झाली, तरी बाजूने वाट काढून रांग पुढे नेली. सव्वासहाला उजेड जात असताना पाच मोठी झाडं, भोवती सुरुंग आणि त्यावर मशिनगन रोखलेली. ते सुरुंग काढायला बसले. शेवटी रणगाड्यांच्या कमांडरने अंधार बघून रांग मागे आडोशाला घेतली.

१० एप्रिल, पहाटे ४.४५. त्याच पाच झाडांपाशी. साडेसहाला ती वाट मोकळी. पुढचे १,००० यार्ड म्हणजे नुसते अडथळे आणि फोडलेले बांध. ते साडेदहाला पूर्ण. रणगाडे तवीच्या पात्रात उतरून पुढे निघाले आणि दुपारी २ ला राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसला पोचले. राणे मागेच राहिले. कारण रणगाड्यामागे इंधन, दारूगोळा, रेशन आणि अँब्युलन्सच्या गाड्या येतात आणि त्यांना नदीच्या पात्रातून जाता येत नाही. रात्री ९ पर्यंत, न खाता, न थांबता.

११ एप्रिल, सकाळी ६ ते ११ : चिंगसपर्यंतचा रस्ता खुला. आणि त्यापुढचा रस्ता साफ करत रात्री १० पर्यंत.

मी वहीत बेरीज मांडली. चार दिवसांत पंचावन्न तासांहून जास्त काम, पहिल्याच तासात लागलेली जखम अंगावर घेऊन. आणि ते १,००० यार्ड, म्हणजे साधारण ९०० मीटर, चार तासांत. मिनिटाला चार मीटरसुद्धा नाही. तुमच्या मुलाने शाळेच्या मैदानावर चार मीटर आखून बघावेत.

आता शिक्षकांच्या प्रश्नाकडे येतो. त्यांचा राग मला आला नाही, कारण बहुतेकांना वाटतं सुरुंग काढणं हे मागून शांतपणे करायचं काम असतं. ते कसं करतात ते सांगतो.

जमिनीवर पालथं पडायचं. हातात संगीन किंवा प्रॉडर, म्हणजे जमीन टोचून बघायची टोकदार सळई. तो उभा खुपसायचा नाही. तिरका, साधारण तीस अंशात, म्हणजे टोक लागलं तर सुरुंगाच्या कुशीला लागेल, डोक्याला नाही. डोक्यावर दाब पडला की संपलं. दोन बोटं अंतर सोडायचं, पुन्हा टोचायचं. पुन्हा दोन बोटं. माती आणि खडे यांचा हाताला लागणारा फरक हळूहळू कळतो, पण डोंगरी रस्त्यावर खडेच खडे, प्रत्येक खडा ‘टक्’ करतो आणि प्रत्येक वेळी छातीत तसाच ठोका चुकतो. डिटेक्टर असला तरी जिथे दिवसभर गोळे पडलेत तिथे जमिनीत लोखंडाचे कपचे इतके असतात की तो एकसारखा ओरडत राहतो. कठीण लागलं की प्रॉडर ठेवायचा आणि बोटांनी माती उकरायची. कडा दिसली की थांबायचं. खाली काही बांधलंय का, दुसरा सुरुंग पोटाशी दडवलाय का, ते चाचपायचं. त्यासाठी हात सुरुंगाच्या खालून न्यावा लागतो. हा हात थरथरून चालत नाही. एरवी गोळी आली की सैनिक अंग आक्रसतो, दगडामागे जातो. सॅपरला तेव्हा आक्रसता येत नाही, कारण त्याची बोटं सुरुंगाखाली असतात.

झाडांचंही तसंच. आडवं पडलेलं चिडाचं झाड म्हणजे कुऱ्हाड घेऊन तोडायचं लाकूड नव्हे. फांद्यांच्या आत सुरुंग पेरलेले असतात. ते आधी काढायचे, मग खोडाला स्फोटकांच्या वड्या बांधायच्या, डिटोनेटर लावायचा, फ्यूज पेटवायचा, मागे पळायचं, उडालं की पुन्हा जाऊन उरलेलं ओढायचं. पुढच्या वळणावर दुसरं झाड असतंच. आणि शत्रूला नेमकं माहीत असतं की तुम्ही कुठे येऊन बसणार आहात, कारण झाड त्यानेच पाडलेलं असतं. मशिनगन आधीच तिथे रोखून ठेवलेली असते.

मी स्वतः लढाईत सुरुंग काढलेले नाहीत, हे आधीच सांगतो. पण २००२ च्या अखेरीस, सीमेवर सैन्य उभं केलं होतं ते ऑपरेशन पराक्रम ओसरल्यावर, जम्मूकडच्या सपाटीवर आपणच पेरलेले सुरुंग आम्ही काढत होतो. समोरून एक गोळी नाही. वेळेवर चहा. हातात नकाशा, कुठे किती सुरुंग आहेत त्याची नोंद. माणूस थकला की लगेच बदली. शेताचा मालक बांधावर येऊन बसायचा आणि रोज एकच विचारायचा, ‘साब, गेहूं कब बोएंगे?’ इतकं सगळं सोयीचं असूनही अर्धा तास झाला की बोटं बधिर व्हायची, डोळ्यांत घाम उतरायचा आणि पुसायला हात उचलायची भीती वाटायची. एके दुपारी माझ्या सेक्शनमधल्या एका जवानाचा पाय घोट्यापासून गेला. त्याची चूक नव्हती. पावसाळ्यात ओघळ फुटून सुरुंग नोंदीतल्या जागेपासून हातभर सरकला होता.

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या दुपारनंतरच्या सकाळी आहे. पट्टा अर्धवट राहिलेला असतो. कुठवर साफ झालं ते दाखवणारी पांढरी फीत कालच्या जागीच असते. तिथे कुणाला तरी पुन्हा पालथं पडायचं असतं. त्या सकाळी मी पहिला बसलो, कारण नायब सुभेदार होतो आणि माझ्याकडे बाकीचे बघत होते. पहिल्यांदा प्रॉडर टोचायला किती वेळ लागला ते मी कधी कुणाला सांगितलं नाही.

राणेसाहेबांची दोन माणसं कामाला हात लावण्याआधीच गेली होती. ते तसेच बसले. दुसऱ्या दिवशी सहाला बसले, तिसऱ्या दिवशी पावणेपाचला बसले, चौथ्या दिवशी पुन्हा सहाला. ज्या पाच झाडांपाशी काल अंधार पडला आणि मशिनगन चालू होती, तिथेच पहाटे परत जाऊन बसणं. पदक त्याचं आहे. रागाच्या किंवा जोशाच्या एका क्षणात माणूस काहीही करून जातो आणि त्यालाही मी नमस्कार करतो. पण चार दिवस जोश टिकत नाही. चौथ्या दिवशी माणूस काय करतो ते त्याने ठरवून केलेलं असतं.

आणि या पदकाला आमच्या ग्रुपात एक थोरला भाऊ आहे, तो मुलाला अवश्य सांगा. १९४१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत अॅबिसिनियात (आजच्या इथिओपियात) मेटेम्माच्या बाजूला बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत यांनी सलग चार दिवस, ५५ मैलांच्या टापूत, सर्वांत पुढच्या कॅरियरमध्ये बसून १५ सुरुंगक्षेत्रं शोधली आणि साफ करवून घेतली. दोनदा त्यांची गाडी सुरुंगावर उडाली, सोबतचे गेले. एका कानाचा पडदा फाटला. बदली माणूस देऊ केला तेव्हा त्यांनी नको म्हटलं आणि कारण दिलं की आता हे काम मला जास्त चांगलं जमतंय, तेव्हा शेवटपर्यंत मीच करणं बरं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढे ते लेफ्टनंट जनरल झाले. तेही सेकंड लेफ्टनंट, हेही सेकंड लेफ्टनंट, दोघांचं काम सुरुंगांचं आणि दोघांनाही चार दिवस. एका सैन्याने ते १९४१ मध्ये ओळखलं, स्वतंत्र देशाने १९४८ च्या कामगिरीत ओळखलं.

रणगाड्याखालच्या प्रसंगाबद्दल. राणे रणगाड्याच्या खाली, चाकांच्या मध्ये सरपटत राहिले आणि दोरीने ड्रायव्हरला इशारे देत त्याला पुढे आणलं, अशी गोष्ट सांगितली जाते. मानपत्रात ती नाही. मुलाने भाषणात मानपत्राबाहेर जाऊ नये असं मला वाटतं. जे लिहून ठेवलंय तेच इतकं आहे की त्यात भर घालायची गरज नाही, आणि परीक्षकांपैकी कुणी विचारलं तर पोराला खाली बघावं लागू नये.

आणखी दोन चुका हमखास होतात, त्या टाळा. एक म्हणजे त्यांना ‘हुतात्मा’ म्हणतात. ते जिवंत परत आले. जिवंतपणी परमवीर चक्र मिळालेले ते पहिले. १९६८ मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले आणि ११ जुलै १९९४ ला पुण्यात वारले. दुसरी चूक ‘परमवीर चक्र विजेता’. पदक जिंकायला कुणी जात नाही, तिथे स्पर्धा नव्हती. आपल्या भाषेत ‘मानकरी’ इतका नेमका शब्द असताना ‘विजेता’ कशाला?

त्यांचा जन्म २६ जून १९१८ चा, कारवारजवळच्या चेंडिये गावातला. वडील पोलीस शिपाई. कारवार तेव्हा मुंबई इलाख्यात होतं, कोकणी बोलणाऱ्यांचा मुलूख. तुमच्या कुडाळहून गोवा ओलांडलं की आलंच. जुलै १९४० मध्ये ते साधे जवान म्हणून बॉम्बे इंजिनियर्समध्ये, म्हणजे आमच्याच बॉम्बे सॅपर्समध्ये, भरती झाले आणि ब्रह्मदेशात लढले. तिथली एक हकिकत मला फार आवडते. अराकानमध्ये आपलं सैन्य मागे येत असताना बुथिडाँगला काही महत्त्वाच्या गोष्टी उडवून देण्यासाठी त्यांना थोड्या माणसांनिशी मागे ठेवलं होतं. काम झाल्यावर नौदलाचं जहाज त्यांना उचलणार होतं. ते जमलं नाही. मग जपान्यांच्या गस्ती चुकवत, स्वतःच नदी ओलांडून ते आपल्या डिव्हिजनला येऊन मिळाले. त्यानंतर हवालदार झाले. म्हणजे १९४८ च्या त्या रस्त्यावर बसलेला सेकंड लेफ्टनंट नवा होता, पण सॅपर जुना होता. स्फोटकांची वडी खोडाला कशी बांधायची ते त्यांनी पुस्तकातून शिकलेलं नव्हतं.

सुट्टीत मुलाला कारवारला घेऊन जा. समुद्रकिनाऱ्यावर त्यांचा पुतळा आहे आणि शेजारीच आय.एन.एस. चपळ ही युद्धनौका बघायला ठेवली आहे. पोरं नौकेवर चढायला धावतात, पुतळ्यापाशी दोन मिनिटंच थांबतात. तुम्ही जरा जास्त थांबा. राजौरी परत मिळाली त्याची आठवण म्हणून तिथे १३ एप्रिल हा दिवस अजून पाळला जातो, तेही त्याला सांगा.

भाषणाची सुरुवात कशी करावी असं त्याने विचारलं तर माझं ऐकेल का? जन्मतारखेने करू नको म्हणावं. ‘१० एप्रिल १९४८. पहाटेचे पावणेपाच. समोर चिडाची पाच झाडं.’ इथून सुरू कर. बाकीचं आपोआप येतं.

प्रश्न : परमवीर चक्राची रचना एका परदेशी बाईंनी केली असं ऐकलं. एखादा भारतीय कलाकार मिळाला नाही का? आणि त्यावरची चार चिन्हं कसली?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : त्यांना परदेशी म्हणणं त्यांना आवडलं नसतं. सावित्रीबाई खानोलकर १९१३ मध्ये स्वित्झर्लंडच्या न्यूशातेल गावी जन्मल्या, वडील हंगेरियन, आई रशियन. शीख रेजिमेंटचे विक्रम खानोलकर यांच्याशी लग्न करून त्या इथे आल्या आणि इथल्याच झाल्या. मराठी, हिंदी, संस्कृत शिकल्या, पुराणं वाचली. नव्या पदकाची कल्पना त्यांना विचारली गेली ती याच अभ्यासामुळे.

चार चिन्हं म्हणजे इंद्राचं वज्र, मध्यभागी राजमुद्रा. दधीची ऋषींनी स्वतःचं शरीर ठेवून हाडं दिली आणि त्यांचं वज्र झालं, ती गोष्ट आपल्याला आजीने सांगितलेली असते. पदक काशाच्या रंगाचं, जेमतेम साडेतीन सेंटिमीटर व्यासाचं. मागच्या बाजूला हिंदी-इंग्रजीत नाव आणि मध्ये दोन कमळं. फीत साधी जांभळी, तिच्यावर एकही पट्टा नाही. प्रत्यक्ष पाहिलं की ते किती लहान आणि किती साधं आहे याचंच नवल वाटतं. २६ जानेवारी १९५० ला पदक स्थापन झालं, पण लागू केलं १५ ऑगस्ट १९४७ पासून, म्हणून १९४७-४८ च्या कामगिऱ्या त्यात आल्या. पहिले मानकरी मेजर सोमनाथ शर्मा, ३ नोव्हेंबर १९४७ ला बडगामला पडलेले. ते सावित्रीबाईंच्या मुलीचे दीर. पदक आपल्याच घरात येईल हे रचना करताना कुणाच्या मनातही आलं नसेल. आजवर फक्त २१ जणांना ते मिळालंय, त्यातल्या १४ जणांना मरणोत्तर.

प्रश्न : काका, आमच्या आजोबांची ट्रंक यंदा घर रंगवताना उघडली. ते मराठा पलटणीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीला गेले होते, मी जन्मायच्या आधीच वारले. त्यात सहा टोकांचा एक तारा निघाला. वर मुकुट, फीत लाल-पांढरी-हिरवी. घरात सगळे कायम ‘आजोबांचा व्हिक्टोरिया क्रॉस’ म्हणत आलेत. तो खरंच तोच आहे का? विकायचा नाही, फक्त माहीत करून घ्यायचंय.
— एक विद्यार्थी, सातारा तालुका

उत्तर : बाळा, तो व्हिक्टोरिया क्रॉस नाही. तुझ्या वर्णनावरून तो इटली स्टार आहे. मधल्या वर्तुळावर इंग्रजीत तसं लिहिलेलंही असेल, भिंगाने बघ. व्हिक्टोरिया क्रॉस हा क्रूसाच्या आकाराचा असतो आणि त्याची फीत गडद तांबडी. इटली स्टार शौर्यपदक नाही. जून १९४३ ते मे १९४५ या काळात जे जे त्या आघाडीवर होते त्यांना तो मिळाला.

हे घरात सांगताना जपून सांग, कारण कुणाचंतरी मन मोडेल. पण त्याचबरोबर हेही सांग की आजोबा कुठे होते. १० जुलै १९४४ ला वरच्या टायबर खोऱ्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे आपल्या सेक्शनसह मशिनगनच्या तोंडी सापडले. बाकी सगळे पडले. ते एकटे धावून गेले, ग्रेनेडने गन बंद पाडली, एकाला गोळी घातली आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना टॉमीगनच्या दस्त्याने मारलं. मग त्यांना छातीत आणि पाठीत गोळ्या लागल्या आणि ते त्याच मोर्चात गेले. बावीस वर्षांचे होते, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. त्यांची कबर नाही, कॅसिनोच्या स्मारकावर नाव आहे. पुढच्या एप्रिलात सेनिओ नदीवर पहिल्या बटालियनच्या नामदेव जाधव यांनी, संगमनेर तालुक्यातल्या निमजच्या, दोन जखमींना खोल पाण्यातून आणि सुरुंगांतून पलीकडे काढलं आणि परत जाऊन मशिनगनच्या जागा गप्प केल्या. हात जखमी झाल्यावर टॉमीगन टाकून ग्रेनेड घेतले आणि शेवटी बांधावर उभं राहून रणगर्जना करत मागच्यांना बोलावलं. ही दोन्ही माणसं तुझ्या आजोबांच्या रेजिमेंटची. घरात व्हिक्टोरिया क्रॉस हे नाव आलं असेल ते बहुधा आजोबांच्या तोंडून, अशांच्या गोष्टी सांगताना.

ट्रंकेत गोल, चांदीची पदकंही असतील तर ती नीट बघ. मागे इंग्रजीत ‘फॉर ब्रेव्हरी इन द फील्ड’ असेल तर ते मिलिटरी मेडल आणि ते खरंखुरं शौर्यपदक आहे. तसं निघालं तर त्यामागची शिफारस शोधता येते. लंडनमध्ये क्यू इथल्या ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात दुसऱ्या महायुद्धातल्या अशा शिफारशी जपून ठेवल्या आहेत. नाहीच निघालं तरी बेळगावला मराठा रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिही. त्यासाठी आजोबांचा नंबर लागेल. तो डिस्चार्ज सर्टिफिकेटवर नाहीतर जुन्या पेन्शनच्या कागदावर असतो. नंबर, हुद्दा, पूर्ण नाव, गाव, एवढं लिही. गावाचं नाव तेव्हा जसं लिहीत तसंच लिही.

आणि एक महत्त्वाचं. घर रंगवून झालंय, दिवाळी येईल, कुणीतरी तो तारा ब्रासो लावून चकचकीत करायला घेईल. करू देऊ नकोस. घासून घासून मधल्या वर्तुळावरची अक्षरं जातात आणि मग ती परत मिळत नाहीत. सुती कापडाने पुस, फीत आहे तशी ठेव, विरली असली तरी बदलू नकोस. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आजीच्या जुन्या मऊ लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळ. आजी असतील तर त्यांच्यासमोरच गुंडाळ आणि तेव्हा विचार, आजोबा घरी आले त्या दिवशी ही ट्रंक कुणी उचलून आणली होती.